बटाटा, थुंकी आणि बेटाडीन : एन्झाईम कसं काम करतं ते घरच्या ओट्यावर कसं बघायचं

दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे राहायला आली ती सायन्सचं प्रोजेक्ट घेऊनच. विषय होता विकरं आणि त्यांच्या कामावर परिणाम करणाऱ्या गोष्टी, आणि वहीत तिने पहिलंच वाक्य लिहून आणलं होतं की "थंडीत व उकळल्यावर विकर मरते". मी म्हटलं अगं मरायला ते जिवंत कुठे आहे, तर म्हणाली मावशी मग काय होतं ते तू सांग. आता नुसतं सांगून कोणाला पटतंय, म्हणून चार दिवस ओट्यावर बटाटे, बेटाडीन, बर्फ असा सगळा पसारा मांडला आणि शेजारणीला वाटलं आमच्याकडे कोणीतरी पडलं-बिडलं. ते सगळं इथे लिहिते, आमच्या चुकांसकट, म्हणजे तुम्ही त्याच परत करणार नाही.

आधी थोडी थिअरी, कारण तिच्याशिवाय पुढचं नुसतं फेस बघणं होतं.

एन्झाईम म्हणजे पुस्तकातलं विकर. थोडे अपवाद सोडले तर हे सगळे प्रोटीनच असतात. प्रोटीन म्हणजे एक लांबच लांब साखळी, आणि ती वाटेल तशी पडलेली नसते तर ठरलेल्या पद्धतीने घड्या घालून, पीळ घेऊन बसलेली असते, आणि त्या घड्यांमध्ये एक खाच तयार होते. ज्या पदार्थावर काम करायचं तो त्या खाचेत येऊन बसतो, तिथे त्याचे तुकडे होतात किंवा दोन गोष्टी जोडल्या जातात, मग तो निघून जातो आणि खाच परत मोकळी. एन्झाईम स्वतः खर्च होत नाही, म्हणून जरासं असलं तरी भरपूर काम होतं. १८९४ साली एमिल फिशरने याला कुलूप-किल्लीची उपमा दिली, आणि १९५८ मध्ये डॅनियल कोशलंडने सांगितलं की कुलूप एवढं कडक नसतं, पदार्थ आत आला की खाच जराशी हलून त्याला घट्ट धरते. मी भाचीला सांगितलं, कापडी पिशवीत नारळ टाकला की पिशवी नारळासारखी होते ना, तसं काहीसं.

लक्षात ठेवायचं ते एवढंच की सगळा खेळ आकाराचा आहे. पुढे जे काही करणार आहोत, गरम करा, आंबट घाला, त्यात आपण एक तर एन्झाईम आणि पदार्थ यांच्या गाठीभेटी कमीजास्त करतोय नाहीतर त्या खाचेचा आकार बिघडवतोय.

एन्झाईम प्रोटीन असतं हेसुद्धा लोकांना पटायला वेळ लागला बरं का. जेम्स समनर नावाचा अमेरिकन माणूस, सतराव्या वर्षी शिकारीत अपघात होऊन डावा हात गेलेला आणि हा मुळात डावखुरा, त्याने १९२६ मध्ये आपल्या अबईच्या भावकीतल्या जॅक बीन नावाच्या शेंगेतून युरिएज हे एन्झाईम स्फटिकरूपात काढून दाखवलं आणि सांगितलं की हे प्रोटीन आहे. बरीच वर्षं मोठमोठे लोक मानायला तयार नव्हते, शेवटी १९४६ ला त्याला नोबेल मिळालं. असो.

काय काय लागेल

मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साईडची बाटली, जखम धुवायला मिळते तीच. लेबलवर बघा, आपल्याकडे बहुतेक २० व्हॉल्यूम म्हणजे साधारण ६ टक्क्यांची असते, त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं आणि आपल्याला तेवढंच हवंय. केस ब्लीच करायचं ३०-४० व्हॉल्यूमचं अजिबात आणू नका, हात भाजतो. बेटाडीनची छोटी बाटली. बटाटे. कॉर्नफ्लॉर. पांढरं व्हिनेगर (लिंबू का नाही ते पुढे सांगते, तिथे आम्ही जाम फसलो). खायचा सोडा, बर्फ, सारख्या मापाचे चार-पाच उभे काचेचे ग्लास, पट्टी, मोबाईलचं स्टॉपवॉच, आणि पांढरी चिनीमातीची बशी.

मुलांना एकटं सोडू नका, चष्मा असेल तर घालू द्या. आणि पेरॉक्साईडमध्ये बटाटा टाकून बाटलीचं झाकण कधीही लावू नका, आत गॅस होतो आणि बाटली फुटू शकते. स्टीलची-लोखंडाची भांडी पण नकोत, काच किंवा प्लास्टिकच वापरा, कारण काही धातूंमुळे पेरॉक्साईड आपसूक फुटायला लागतं आणि मग कळत नाही की हे बटाट्याने केलं की चमच्याने.

स्टेप १ : बटाट्याचा फेस

कच्चा बटाटा सोलून सारखे चौकोनी तुकडे करा, साधारण १ सेंटिमीटरचे. ग्लासमध्ये ४ चमचे पेरॉक्साईड, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि त्यात ५ तुकडे टाकून स्टॉपवॉच चालू करा. दुसऱ्या ग्लासमध्ये सगळं तेच पण बटाटा नाही. दोन मिनिटांनी फेस किती वर आला ते बाहेरून पट्टी लावून मोजा. बिनबटाट्याच्या ग्लासात काही होत नाही, आणि हा ग्लास वगळायचा नाही, कारण हाच सांगतो की फेस बटाट्यामुळे आलाय.

होतंय काय तर बटाट्याच्या पेशींमध्ये कॅटालेज नावाचं एन्झाईम असतं. पेरॉक्साईड पेशीला विषारी, आणि पेशीत रोजच्या कामातून ते थोडं थोडं तयार होतच असतं, म्हणून जवळपास प्रत्येक हवेत जगणाऱ्या जीवात कॅटालेज ठेवलेलं आहे, ते पेरॉक्साईडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. याचा एकेक रेणू एका सेकंदात पेरॉक्साईडचे लाखो रेणू फोडतो, एन्झाईमांमधला सगळ्यात चपळ गडी म्हटलं तरी चालेल. गुडघा फुटल्यावर पेरॉक्साईड ओतलं की जो पांढरा फेस येतो तो पण हाच, आपल्या रक्तातल्या कॅटालेजचा.

ऑक्सिजन आहे याची खात्री करायची असेल तर लिक्विड सोप न घालता एक ग्लास लावा, वर बशी नुसती टेकवून ठेवा, मिनिटभराने बशी सरकवून पेटती उदबत्ती फुंकून फक्त निखारा ठेवून आत धरा, पाण्याला टेकवू नका. निखारा एकदम लख्ख होतो, जमलं तर भपकन ज्योत पण येते. भाचीने हे सात-आठ वेळा केलं, घरभर मोगऱ्याचा वास.

आता आमची पहिली चूक. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा काहीच झालं नाही, चार बुडबुडे आणि संपलं. भाची म्हणाली बटाटा शिळा आहे, दुसरा आणला, तिसरा आणला, शेवटी रताळं पण कापलं. मग माझी ट्यूब पेटली की पेरॉक्साईडची बाटली कपाटात कधीपासून उघडी पडलेली होती, ते उजेडाने आणि वेळेने आपोआपच पाणी होऊन बसतं. नवी बाटली आणली आणि पहिल्या तुकड्याला फेस ग्लासाच्या वर. तर काही होत नसेल तर आधी बाटली बदला, भाजीवाल्याला दोष देऊ नका.

तोच बटाटा किसून टाकला तर फेस धबाधबा येतो, खाली ताट ठेवा. पेशी फुटतात, आतलं एन्झाईम बाहेर येतं आणि पेरॉक्साईडला भेटायला जागा जास्त मिळते. म्हणून पुढच्या सगळ्या प्रयोगांत तुकड्यांचा आकार सारखाच पाहिजे, नाहीतर तुम्ही तापमान मोजताय की सुरी चालवण्याची पद्धत हेच कळणार नाही.

स्टेप २ : गरम, गार, उकळलेलं

एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम भिंतीवर लिहून लावा. भाचीने उत्साहात गरम पाणी, व्हिनेगर आणि जास्त तुकडे असं सगळं एकाच ग्लासात करून टाकलं आणि मग विचारते फेस कमी का आला. मला काय माहीत बाई!

तुकडे चार गटांत करा. एक बर्फाच्या पाण्यात, एक साध्या पाण्यात, एक ४० अंशांच्या कोमट पाण्यात, एक उकळत्या पाण्यात, प्रत्येकी १० मिनिटं. घरातलं तापाचं डिजिटल थर्मामीटर इथे उपयोगाचं नाही, ते ४२ च्या आसपास थांबतं. त्याच्यापेक्षा सोपी युक्ती, १ वाटी उकळतं पाणी आणि ४ वाट्या नळाचं साधं पाणी एकत्र केलं की साधारण ४० अंश होतं, आणि निम्मं-निम्मं केलं की ६० च्या जवळपास, भांडं थोडी उष्णता खातं तेवढा फरक सोडून द्या. पेरॉक्साईडची वाटी पण गार ग्लासासाठी बर्फात आणि कोमट ग्लासासाठी कोमट पाण्यात ठेवून घ्या, नाहीतर गार बटाट्यावर रूम टेम्परेचरचं पेरॉक्साईड पडून सगळी सरमिसळ होते. उकळलेले तुकडे मात्र गार करून मग टाका.

बर्फातल्याचा फेस हळू आणि कमी, साध्याचा जास्त, कोमटचा सुरुवातीला सगळ्यात भराभर, आणि उकळलेल्याचा शून्य. ढोबळ हिशोब असा सांगतात की १० अंश वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, कारण रेणू जोरात फिरतात, एकमेकांना जास्त धडकतात. पण हे एका मर्यादेपर्यंतच. त्याच्या वर तीच धडपड प्रोटीनच्या घड्या उलगडायला लागते, खाच राहत नाही, आणि मग किती का पेरॉक्साईड ओता. अंड्याचा पांढरा बलक उकडला की घट्ट पांढरा होतो आणि गार केला तरी परत पातळ होत नाही, अगदी तेच इथे होतं.

इथे आमची दुसरी चूक झाली पण ती चूक इतकी सुंदर निघाली की आता मी मुद्दाम करून दाखवते. घाई होती म्हणून तुकडे न करता अख्खा मध्यम बटाटा उकळत्या पाण्यात टाकला आणि पाचेक मिनिटांत काढला, वरून मऊ लागला म्हणून शिजला असं धरलं. मधोमध कापून दोन्ही अर्ध्यांवर चमच्याने पेरॉक्साईड ओतलं तर बाहेरचं कडं एकदम गप्प, आणि मध्यभागी पांढरा फेस उसळतोय, मधे अगदी स्पष्ट गोल रेघ. उष्णता कुठपर्यंत पोचली आणि कुठपर्यंत नाही याचा नकाशाच. त्या कड्यात एन्झाईम आहे, तेवढंच आहे, पण त्याचा आकार गेलाय. भाचीने त्याचा फोटो काढला आणि प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर चिकटवला.

स्टेप ३ : आंबट आणि खारट-तुरट

प्रत्येक एन्झाईमचं आपलं आवडतं पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, असतं. कॅटालेजला ७ च्या आसपास लागतं. तुकडे १५ मिनिटं व्हिनेगरमध्ये भिजवून, साध्या पाण्यात एकदा विसळून पेरॉक्साईडमध्ये टाका, फेस बराच कमी दिसेल. आम्लामुळे प्रोटीनवरचे धन-ऋण भार बदलतात, ज्या ओढींवर घडी टिकून असते त्या सुटतात. सोड्याच्या पाण्यातले तुकडे पण करून बघा, पण नीट विसळून घ्या आणि नुसता सोडा अधिक पेरॉक्साईड असा एक ग्लास शेजारी ठेवा, कारण अल्कली वातावरणात पेरॉक्साईड स्वतःहूनच थोडं फुटतं आणि तुम्हाला वाटेल एन्झाईम खूश झालं.

पोटातल्या पेप्सिनचं याच्या अगदी उलट, त्याला पीएच २ च्या आसपास म्हणजे चांगलंच आंबट लागतं, आणि पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन येतं त्याला ८ च्या जवळपास. म्हणून शरीरात एकाच नळीत टप्प्याटप्प्याने पीएच बदलत जातो.

स्टेप ४ : माल जास्त की वाढपी जास्त

तुकडे ५ च ठेवा आणि पेरॉक्साईड पातळ करत जा, ३ टक्के, त्यात तेवढंच पाणी घालून दीड, परत तसंच. फेस उतरत जातो. आता उलट विचार करा, पेरॉक्साईड वाढवत गेलो तर फेस पण कायम वाढतच जाईल का? नाही, एका जागी वेग अडतो. लग्नाच्या पंगतीत चार वाढपी आहेत, १० पानं असली तर ते निवांत वाढतात, ४० ला पळायला लागतात, पण १०० पानं मांडली म्हणून चौघांचं वाढणं काही अजून जलद होत नाही, प्रत्येकाचे हात भरलेलेच आहेत. मग वेग वाढवायचा तर वाढपी वाढवा, म्हणजे बटाट्याचे तुकडे वाढवा. हा हिशोब लिओनोर मिकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये गणितात मांडला, बायोकेमिस्ट्रीवाली मुलं अजून त्या दोघांच्या नावाने घाबरतात.

आणि पंगतीत एखादा पाहुणा ताट घेऊन वाढप्याशी नुसताच गप्पा मारत बसला तर? तो जेवत पण नाही आणि बाकीच्यांना वाढू पण देत नाही. एन्झाईमच्या खाचेत असं कोणी येऊन बसलं की त्याला इनहिबिटर म्हणायचं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या याच पद्धतीने कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एका एन्झाईमची जागा अडवतात. अ‍ॅस्पिरिन तर एन्झाईमला कायमचं चिकटतं. शेतात फवारायची ऑरगॅनोफॉस्फेट औषधं किड्याच्या मज्जातंतूंतलं कोलिनएस्टरेज बंद पाडतात, पण तेच एन्झाईम माणसात पण आहे, म्हणून मास्क-हातमोज्याशिवाय फवारणी केली की माणसाला विषबाधा होते आणि दवाखान्यात रक्तातलं कोलिनएस्टरेज तपासतात. हे प्रयोग अर्थातच घरी करायचे नाहीत, मोरचूद वगैरेपण नको.

स्टेप ५ : थुंकीचा प्रयोग, आणि हा सगळ्यात भारी

पोळीचा घास नुसता चावत राहिलं की मिनिटाभराने गोडसर लागतो, हे सगळ्यांना माहितीये. थुंकीतलं अमायलेज स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर करतं. आता ते डोळ्यांनी बघायचं.

पाव चमचा कॉर्नफ्लॉर थोड्या गार पाण्यात कालवून कपभर उकळत्या पाण्यात ओता, ढवळा, पातळ पेज होईल, ती पूर्ण गार करा. बेटाडीनमध्ये पाणी घालून बिनदुधाच्या चहाचा रंग येईपर्यंत पातळ करा आणि बशीत त्याचे १२-१५ थेंब ओळीने ठेवा. तोंड साध्या पाण्याने खळखळून धुवा, दोन मिनिटं थांबा, मग वाटीत एक चमचाभर थुंकी गोळा करा आणि त्यात दोन चमचे पाणी घाला. ज्याची त्याची थुंकी ज्याने त्याने हाताळायची, नंतर वाट्या साबणाने धुवायच्या, आणि बेटाडीन लागलेलं काही तोंडात जाऊ द्यायचं नाही.

५ चमचे पेज आणि १ चमचा थुंकीचं पाणी एकत्र करून ती वाटी कोमट पाण्यात ठेवा. दर मिनिटाला एक थेंब काढून बशीतल्या पुढच्या बेटाडीनच्या थेंबावर टाका. पहिला थेंब निळा-काळा, कारण पेजेतला स्टार्च आणि बेटाडीनमधलं आयोडीन यांची जोडी जमते. मग जांभळट. मग तांबूस-तपकिरी, म्हणजे स्टार्चचे मधले तुकडे झालेत. मग एक असा येतो की काहीच बदलत नाही, बेटाडीनचा आपला पिवळा रंग तसाच. भाचीचा सहाव्या मिनिटाला आला, माझ्या थुंकीला नऊ मिनिटं लागली, माणसागणिक फरक पडतो त्यामुळे घरात उगाच स्पर्धा लावू नका, आम्ही लावली होती.

इथे दोन खड्डे आहेत. एक, पेज गरम असताना बेटाडीन टाकलं तर निळा रंग येतच नाही, स्टार्च शाबूत असूनसुद्धा, कारण उष्णतेत स्टार्च आणि आयोडीनची जोडी सुटते, गार झालं की रंग परत येतो. आम्ही पहिल्यांदा हेच करून "थुंकी न घालताच पचलं" असा महान शोध लावला होता. दुसरा खड्डा लिंबाचा. आंबटाचा परिणाम बघायला आम्ही लिंबू पिळलं, थेंब टाकला तर एकदम रंगहीन, पिवळा पण नाही. भाची म्हणाली बघ, आंबटाने एन्झाईम अजून जोरात चालतं! नाही गं, लिंबातल्या व्हिटॅमिन सी ने आयोडीनचाच रंग घालवला, एन्झाईमचा काही संबंध नाही. म्हणून पांढरं व्हिनेगर. ते घातलं की थेंब निळाच्या निळा राहतो, अमायलेज आंबटात थांबतं, आणि पोटात गेल्यावर त्याचं हेच होतं.

आता मूळ भांडणाकडे. तीन वाट्या करा. पहिली कोमट, आत्ता केली तशी. दुसरीत पेज आणि थुंकी दोन्ही आधी वेगवेगळ्या बर्फात गार करून मग एकत्र करा आणि बर्फातच ठेवा. तिसरीत थुंकीचं पाणी आधी दोन-तीन मिनिटं उकळून, पूर्ण गार करून मग पेजेत घाला आणि कोमट पाण्यात ठेवा. १० मिनिटांनी पहिली पिवळी, दुसरी आणि तिसरी दोन्ही निळ्या. भाची खूश, बघ मी म्हटलं नव्हतं, थंडीत पण मरतं. मग दुसऱ्या वाटीतलं निम्मं काढून कोमट पाण्यात ठेवलं. थोड्याच वेळात जांभळा, तपकिरी, पिवळा. तिसरीला कुठेही ठेवा, काही नाही. उरलेली दुसरी आणि तिसरी वाटी झाकण ठेवून फ्रीजमध्ये मागे सरकवली, कारण जेवायची वेळ झाली होती.

स्वयंपाकात हे कुठे कुठे दिसतं

कच्ची पपई मटणाला लावतात ती तिच्या चिकातल्या पपेनसाठी, ते प्रोटीन तोडतं. गंमत म्हणजे पपेनला ६०-७० अंशांपर्यंतची उष्णता चालते, उलट तिथेच ते जोरात असतं, त्यामुळे खरं काम मटण गॅसवर तापत असताना होतं आणि उकळीला आलं की बंद. म्हणून रात्रभर पपई लावून ठेवायची गरज नाही, बाहेरचा थर लिबलिबीत होतो आणि आतपर्यंत ती तशीही फार जात नाही.

अननसात ब्रोमेलेन असतं, ते पण प्रोटीन तोडणारं. ताजा अननस दह्यात घालून ठेवला की थोड्या वेळाने कडवट लागतो, दुधातल्या प्रोटीनचे कडू तुकडे होतात म्हणून. अननस आधी साखरेत शिजवून घ्या किंवा डब्यातला वापरा, तो गरम केलेला असतो. जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घातला तर जेली बसतच नाही, पण चायना ग्रासमध्ये मजेत बसते, कारण चायना ग्रास प्रोटीन नाहीच, समुद्री शेवाळातली कार्बोहायड्रेट आहे, ब्रोमेलेनच्या खाचेत ती बसतच नाही. दोन वाट्या शेजारी लावून बघा.

वांगं, बटाटा, सफरचंद चिरल्यावर काळं पडतं ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेजमुळे, त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. वांगी चिरून पाण्यात टाकायची ती हवा तोडायला. लिंबू दोन बाजूंनी काम करतं, पीएच खाली आणतं आणि व्हिटॅमिन सी काळं होऊ देत नाही.

बाळाची नाचणीची खीर घट्ट होते आणि बाळ खात नाही म्हणून आपण पाणी घालत सुटतो, मग पोट भरतं पण पोटात काही जात नाही. त्यापेक्षा मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ खीर जरा निवल्यावर, म्हणजे खाण्याइतकी गरम असताना घाला आणि ढवळा, बघता बघता पातळ होते, कारण मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं. मग परत एक उकळी द्या. उकळत्या खिरीत घातलं तर काही होणार नाही, का ते आता तुम्हाला माहितीये. या मोड आलेल्या धान्याच्या अर्कातूनच १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या दोन फ्रेंच माणसांनी पहिलं एन्झाईम वेगळं काढलं होतं, त्यांच्याकडे बार्ली होती एवढंच.

एन्झाईमवाली कपड्यांची पावडर कडकडीत पाण्यात टाकू नका, पाकिटावर ४० वगैरे लिहिलेलं असतं ते उगाच नाही. आणि रेशमी साडी, लोकरीचा स्वेटर तिच्यात अजिबात भिजवायचा नाही, रेशीम आणि लोकर दोन्ही प्रोटीनच, डाग आणि साडी यातला फरक पावडरीतल्या प्रोटिएजला, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाईमला, कळत नाही.

फ्रीजमधल्या वाट्या

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढताना त्या दोन वाट्या दिसल्या, आम्ही विसरूनच गेलो होतो. फेकण्याआधी भाची म्हणाली थांब, आणि दोन्हींचा एकेक थेंब बेटाडीनवर टाकला. उकळलेल्या थुंकीची वाटी निळी. गार वाटी, जी रात्रभर फ्रीजमध्ये होती, पिवळी. म्हणजे थंडीत पण ते चालूच होतं, आपलं रात्रभर हळूहळू. ती बराच वेळ बशीकडे बघत बसली, मग वहीतलं पहिलं वाक्य खोडलं आणि मला म्हणाली, मावशी मग तू फ्रीजरमध्ये मटार ठेवतेस त्याच्यात पण चालू असणार ना?

असतं. म्हणूनच सोललेले मटार नुसते पिशवीत भरून ठेवले की दोन-तीन महिन्यांत गवतासारखा वास येतो आणि रंग उतरतो. उकळत्या पाण्यात २ मिनिटं, मोजून, लगेच काढून बर्फाच्या पाण्यात, चाळणीत निथळून, पंच्यावर कोरडे करून मग पिशव्या. जानेवारीत मटार स्वस्त झाले तेव्हा मी पाच किलो आणले आणि तिला फोटो पाठवला, तर पलीकडून लगेच मेसेज, एक दाणा कापून पेरॉक्साईड टाकून बघितलास का? मग टाकून बघितलं. कच्च्या दाण्यावर फेस, उकळलेल्यावर एक बुडबुडा नाही.